टाकीचे घाव : शिल्पकार एडमोनिया लुईस

(द्वितीय वर्ष, कला)

शिल्पकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काही ठराविक नावे उभी राहतात. परदेशातले मायकेल अँजेलो आणि रोदाँ, आपल्याकडचे म्हात्रे आणि करमरकर. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी वरून खाली कोरीत आणले त्यांची तर नावेही मागे उरली नाहीत. या यादीत अमेरिकेतील कोणाचे नाव सहसा येत नाही. त्याला कारणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात शिल्पकलेची अशी परंपराच नव्हती. जहाजांच्या नाळेवर बसवायच्या लाकडी आकृती करणारे आणि थडग्यांचे दगड कोरणारे कारागीर होते. पण संगमरवरात माणूस उभा करणारे हात नव्हते आणि पाहून शिकावे असे पुतळेही फारसे नव्हते. म्हणून होरेशियो ग्रीनो, हायरम पॉवर्स यांच्यासारखे पहिले अमेरिकन शिल्पकार इटलीला गेले आणि तेथेच राहून त्यांनी आपल्या देशासाठी पुतळे घडविले. त्यांच्या मागून जी पिढी इटलीला गेली तिच्यात एक तरुण मुलगी होती. वडील आफ्रिकी वंशाचे, आई ओजिब्वे या आदिवासी जमातीतील. दोघेही तिच्या लहानपणीच वारलेले. कॉलेजचे शिक्षण अर्धवट तुटलेले. आणि खिशात स्वतः केलेले पुतळे विकून जमविलेले पैसे. तिचे नाव एडमोनिया लुईस.

या अंकासाठी मी हीच व्यक्ती का निवडली ते आधी सांगते. आमच्या घरात दगड हा पोटाचा धंदा आहे. माझे वडील पाथरवट. पूर्वी ते जाती, पाटे, वरवंटे घडवायचे आणि गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावायचे. घरोघरी गिरणीचे पीठ आणि मिक्सर आल्यापासून बांधकामाचे दगड घडवतात, कधी एखाद्या देवळाची पायरी. घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिली. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा भाग शिकताना आमच्या सरांनी या बाईचा ओझरता उल्लेख केला. बाई, आणि दगड फोडते, एवढ्यावरच माझे कान टवकारले. मग शब्दकोश शेजारी ठेवून मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता असे वाटू लागले की ही हकीगत केवळ कलेच्या इतिहासाची नाही. आपल्यासारख्या, म्हणजे घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या मुलामुलींची आहे.

एडमोनियाचा जन्म न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या ग्रीनबुश गावी झाला. तारीख ४ जुलै १८४४ अशी मानतात. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पुढे तिने वेगवेगळ्या लोकांना आपल्या जन्माची वेगवेगळी वर्षे सांगितली. वयाची नववर्षे पुरी होण्याआधीच आई-वडील गेले. मग आईकडच्या मावश्यांनी तिला आपल्याजवळ नेले. त्या नायगारा धबधब्याच्या परिसरात राहत. टोपल्या विणायच्या, कातडी जोड्यांवर मण्यांची नक्षी भरायची आणि धबधबा पाहायला येणाऱ्या प्रवाशांना ते विकायचे, हा त्यांचा चरितार्थ. तिची आईदेखील अशाच विणकाम-नक्षीकामात कुशल होती. म्हणजे हाताने वस्तू घडवायची आणि ती अनोळखी गिऱ्हाइकाला विकायची हे दोन्ही धडे एडमोनियाने शाळेत जाण्यापूर्वीच गिरविले होते. त्या दिवसांत आपले नाव ‘वणवा’ या अर्थाचे होते असे ती पुढे सांगत असे.

तिला एक सावत्र भाऊ होता, सॅम्युअल. वयाने बराच मोठा. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची आवई उठली तेव्हा तोही तिकडे गेला आणि पुढे न्हाव्याचा धंदा करून त्याने चांगला पैसा मिळविला. या भावाने बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उचलला. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी पाठीमागची माणसे दोन ओळींत संपतात. पण मला तो भाऊ फार मोठा वाटतो. ज्या देशात त्याच्या वर्णाची लक्षावधी माणसे बाजारात विकली जात होती, त्या देशात लोकांच्या दाढ्या करून मिळविलेले पैसे तो बहिणीच्या पुस्तकांसाठी पाठवीत होता.

१८५९ साली, पंधराव्या वर्षी, ती ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजात दाखल झाली. हे कॉलेज त्या काळी सगळ्या अमेरिकेत वेगळे होते. १८३५ पासून तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता आणि त्यानंतर दोनच वर्षांनी स्त्रियांना पदवीचा अभ्यासक्रमही खुला झाला. १८६२ साली मेरी जेन पॅटरसन ही कृष्णवर्णीय मुलगी तेथून बी. ए. झाली, अमेरिकेत हा मान मिळविणारी ती पहिली. एडमोनिया राहत होती रेव्हरंड जॉन कीप यांच्या घरी. कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा की नाही या प्रश्नावर विश्वस्तांची मते समसमान पडली असताना ज्यांच्या मताने पारडे झुकले ते हेच कीप. तेव्हा यापेक्षा सुरक्षित छप्पर त्या मुलीला त्या देशात क्वचितच मिळाले असते. आणि तरीही पुढचा प्रकार घडला.

जानेवारी १८६२ मध्ये त्याच घरात राहणाऱ्या दोन गोऱ्या मुली मित्रांबरोबर बर्फावरच्या घसरगाडीतून सहलीला निघाल्या होत्या. निघण्यापूर्वी एडमोनियाने त्यांना मसाला घातलेला ऊन द्राक्षरस प्यायला दिला. वाटेत त्या दोघी आजारी पडल्या. डॉक्टरांनी विषबाधेचे निदान केले आणि संशय एडमोनियावर आला. गावात कुजबुज वाढली. खटला उभा राहण्यापूर्वीच एका रात्री ती घराबाहेर पडली असताना काही लोकांनी तिला पकडले, बेदम मारले आणि थंडीत शेतात टाकून दिले. शोधायला गेलेल्या लोकांना ती रक्तबंबाळ स्थितीत सापडली. मारणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले ते तिलाच.

तिचे वकीलपत्र घेतले जॉन मर्सर लँग्स्टन यांनी. ते स्वतः कृष्णवर्णीय, ओबर्लिनचेच माजी विद्यार्थी आणि ओहायो राज्यातील पहिले कृष्णवर्णीय वकील. त्यांनी भाषणबाजीवर भर दिला नाही. पुराव्यावर बोट ठेवले. त्या मुलींच्या पोटात विष गेले होते हे कोणी तपासून पाहिले आहे काय? कोणीही तपासले नव्हते. विष होते हेच सिद्ध होत नाही, तर ते दिले कोणी हा प्रश्न कोठून येणार? न्यायालयाने आरोप काढून टाकला. तिच्या सोबत्यांनी तिला हातांवर उचलून बाहेर आणले, असे लँग्स्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

पण न्यायालयातून सुटणे वेगळे आणि लोकांच्या मनातून सुटणे वेगळे. दुसऱ्या वर्षी, १८६३ मध्ये, चित्रकलेचे साहित्य चोरल्याचा आळ तिच्यावर आला. तोही सिद्ध झाला नाही. तरी शेवटच्या सत्रासाठी नाव नोंदवायला ती गेली तेव्हा तिला नोंदणी करू दिली नाही. हाकलून दिल्याचा हुकूम नाही, निकाल नाही, फक्त नाव लिहून घ्यायचे नाही. पदवीच्या उंबऱ्यावरून ती परत फिरली. ज्या कॉलेजने सर्वांआधी दार उघडले त्याच कॉलेजने आत आलेल्या मुलीसाठी ते असे हळूच लावून घेतले. मला या साऱ्या चरित्रात सर्वांत अधिक विचार करायला लावते ती ही जागा. प्रवेश देणे हे पहिले पाऊल झाले. आत आलेल्याला आपले मानणे हे त्याहून अवघड असते. पहिले काम ठरावाने होते, दुसरे ठरावाने होत नाही.

एखादी घरी परतली असती. एडमोनिया बोस्टनला गेली. बोस्टन हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे केंद्र. तेथे नगरभवनापुढे उभा असलेला बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा तिने पाहिला आणि असा दगडाचा माणूस आपणही करू शकू असे तिच्या मनाने घेतले. पुतळा पाहून थक्क होणारे पुष्कळ असतात. आपणही करू असे वाटणारा एखादाच. चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी तिची गाठ एडवर्ड ब्रॅकेट या शिल्पकाराशी घालून दिली. ब्रॅकेटने पुतळ्यांचे तुटके अवयव तिच्यापुढे ठेवले आणि मातीत तसेच करून आणायला सांगितले. लहान मुलाचे पाऊल, बाईचा हात. तिची पहिली विकली गेलेली कृती म्हणजे असाच एक हात. त्याचे तिला ८ डॉलर मिळाले.

तेव्हा यादवी युद्ध ऐन भरात होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा गोरा कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ हा १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात आपल्या शिपायांबरोबर मारला गेला होता. बोस्टनच्या घराघरांत त्याचे नाव होते. एडमोनियाने छायाचित्रांवरून त्याचा अर्धपुतळा केला. लिडिया मारिया चाइल्ड या नामवंत लेखिका तिच्या हितचिंतक होत्या. पण एवढ्या लवकर एवढे मोठे काम अंगावर घेऊ नये असे त्यांचे मत होते. पुतळा पाहिल्यावर मात्र त्याही आणि शॉचे कुटुंबीयही संतुष्ट झाले. मग या बाईने व्यवहार केला तो असा : त्या पुतळ्याच्या प्लास्टरच्या शंभर प्रती काढल्या आणि प्रत्येकी १५ डॉलरला विकल्या. नायगाराच्या काठी मणी भरलेले जोडे विकणारी मुलगी बाजार विसरली नव्हती. या पैशांवर १८६५ साली ती जहाजात बसली. युद्ध संपले होते, गुलामगिरी कायद्याने नाहीशी होत होती आणि एकवीस वर्षांची एडमोनिया इटलीला चालली होती.

फ्लॉरेन्समध्ये थोडे थांबून ती रोमला स्थायिक झाली. एकेकाळी कानोव्हा या प्रख्यात इटालियन शिल्पकाराने वापरलेल्या जागेत तिने आपले काम मांडले. रोममध्ये त्या वेळी अमेरिकन स्त्री-शिल्पकारांचा एक गटच होता. हॅरिएट हॉस्मर ही त्यांतली अग्रणी. नटी शार्लट कुशमन त्यांना आधार देई. मायदेशात बाईने हातात हातोडा घेतला की भुवया उंचावत. रोममध्ये तेवढे कोणी पाहत नसे. शिवाय तेथे एडमोनियाचा वर्ण हा दर पावलाला अडणारा दगड नव्हता. म्हणूनच ती तेथे राहिली.

येथे पुतळा कसा घडत असे ते सांगायला हवे, कारण त्यातच एडमोनियाचे वेगळेपण आहे. त्या काळचा शिल्पकार आधी मातीचा नमुना करी. त्यावरून प्लास्टरचा पुतळा ओतला जाई. मग तो प्लास्टर आणि संगमरवराचा ठोकळा शेजारी ठेवून कारागीर एका मोजणीच्या यंत्राने पुतळ्यावरील एकेक बिंदूची खोली मोजत आणि दगडात तितक्याच खोलीची भोके पाडत. भोकापर्यंतचा दगड काढला की आकार बाहेर येई. बहुतेक नामांकित शिल्पकार छिन्नीला फारसा हात लावीत नसत. सारी कोराई रोममधले पगारी इटालियन कारागीर करीत. त्यात गैर काही मानले जात नसे. पण हेच बाईने केले की आरोप होई. हॅरिएट हॉस्मरचा ‘झेनोबिया’ हा पुतळा तिचा नसून तिच्या कारागिरांचा आहे असे इंग्लंडमधील नियतकालिकांत छापून आले होते आणि तिला अब्रुनुकसानीचा दावा लावून ते मागे घ्यायला लावावे लागले होते. गोऱ्या, सुखवस्तू घरातल्या हॉस्मरची ही गत, तर एडमोनियावर कोणी विश्वास ठेवला असता? कारागिरांना द्यायला तिच्यापाशी पैसेही नव्हते. म्हणून आरंभीच्या वर्षांत तिने माती, प्लास्टर आणि संगमरवर हे सगळे स्वतःच्या हाताने केले. पुढे कामे वाढली तेव्हा तिनेही मदतनीस ठेवले.

संगमरवर आमच्या काळ्या दगडापेक्षा मऊ असतो. तरीही दगड तो दगड. आमचे वडील दगड निवडताना आधी त्यावर हातोडी मारून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर आत चीर नाही, बद्द वाजला तर सोडून द्यायचा. आणि एक टवका चुकून उडाला तर तो परत चिकटत नाही. दिवसभर हे काम करणाऱ्याचे खांदे रात्री कसे होतात ते मी पाहिले आहे. एडमोनिया अंगाने अगदी लहानखुरी होती. तिच्या कलेविषयी लिहिणारे तिच्या विषयांबद्दल लिहितात, भावनांबद्दल लिहितात. मला आधी दिसतात ते तिचे खांदे.

१८६७ साली तिने ‘फॉरएव्हर फ्री’ म्हणजे ‘सदैव मुक्त’ हे शिल्प पुरे केले. उंची सुमारे साडेतीन फूट. एक कृष्णवर्णीय पुरुष ताठ उभा आहे. त्याचा डावा हात वर गेलेला आहे आणि मनगटावर तुटलेली साखळी लोंबते आहे. त्याच्या शेजारी एक स्त्री गुडघे टेकून, हात जोडून वर पाहते आहे. पुरुषाचा उजवा हात तिच्या खांद्यावर आहे. शीर्षकातील शब्द लिंकनच्या १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून घेतलेले आहेत. मुक्त झालेल्या गुलामाची प्रतिमा त्याच लोकांपैकी एकाने संगमरवरात घडवावी ही त्या देशात नवी गोष्ट होती. इतरांच्या शिल्पांत गुलाम बहुधा कोणा उपकारकर्त्याच्या पायाशी बसलेला असे. येथे उपकारकर्ता नाहीच. साखळी तुटली आहे आणि ती ज्याच्या हातात होती तोच उभा आहे. हे शिल्प वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

या शिल्पावर एक आक्षेप घेतला जातो. पुरुषाचे केस, चेहरा आफ्रिकी वळणाचा आहे. पण स्त्रीचा चेहरा आणि मोकळे लांब केस युरोपीय वाटतात. असे का? काही अभ्यासकांचे उत्तर मला पटते. त्या स्त्रीचा चेहरा आपल्या लोकांसारखा केला असता तर पाहणाऱ्यांनी शिल्प पाहिलेच नसते; शिल्पकर्तीचे स्वतःचे चित्र म्हणून तिच्या जन्माची हकीगत चघळली असती. आपले काम आपल्या दुःखाचा दाखला म्हणून वाचले जाऊ नये अशी तिची धडपड होती. केवळ कृष्णवर्णीय मुलीने केले म्हणून कौतुक होत असेल तर तसे कौतुक तिला नको होते. दोष असतील तर दाखवावेत, असे तिचे म्हणणे असे. तिचे कैवारी मात्र तिच्यावर दया करीत आणि तिला सल्ले देत. चाइल्डबाईंना तिचे धाडस उतावीळपणाचे वाटे. मागणी आलेली नसताना ती महागडा संगमरवर उधारीने घेऊन पुतळा पुरा करी आणि बोस्टनला पाठवून देऊन मग वर्गणी जमवायला सांगे, याचा तिकडे वैतागही होता. व्यवहार म्हणून त्यांचे चूक नव्हते. पण मागणीची वाट पाहत बसली असती तर ‘सदैव मुक्त’ घडले असते काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

लाँगफेलो या कवीचे ‘हायावाथा’ हे ओजिब्वे कथांवर आधारलेले काव्य १८५५ साली प्रसिद्ध झाले होते. त्यावरून तिने अनेक लहान शिल्पे केली. आपल्या मुलीशेजारी बसून बाण तयार करणारा म्हातारा बाप हा त्यांतला गाजलेला विषय. आईच्या माणसांना तिने रानटी म्हणून नव्हे, तर घरात बसून काम करणारी माणसे म्हणून दाखविले. पुढे लाँगफेलो रोमला आला असता रस्त्याने जाताना त्याला दुरून न्याहाळून तिने त्याच्या अर्धपुतळ्याचा नमुना सुरू केला. नमुना इतका साधला की अखेर कवी स्वतः तिच्यासमोर येऊन बसला. तो संगमरवरी पुतळा हार्वर्ड विद्यापीठात आहे. बायबलमधील हागार तिने १८७५ साली घडविली. हागार ही अब्राहामाच्या घरातील इजिप्शियन दासी. लेकरासह अरण्यात घालवून दिलेली. आफ्रिकेतून आलेली, वापरून टाकून दिलेली दासी हा विषय तिने का घेतला हे उघड आहे.

१८७३ साली ती आपले पुतळे घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोत तिने पाच शिल्पांचे प्रदर्शन भरविले. त्यांपैकी लिंकनचा अर्धपुतळा जवळच्या सॅन होजे गावातील ग्रंथालयात गेला आणि आजही त्या ग्रंथालयाकडे आहे. १८७३ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ओळखीचे आहे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुलामांची दास्यातून सुटका करणाऱ्या तेथील लोकांना ते त्यांनी सन्मानपूर्वक अर्पण केले आहे. एडमोनिया आणि जोतीराव यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसणार. पण ज्या घटनेने पुण्यातला एक माणूस लेखणी उचलताना बळ घेत होता, तीच घटना रोममधली ही बाई दगडात कोरीत होती. आपण वर्गात ज्याला जागतिक इतिहास म्हणतो तो असा एकमेकांत गुंतलेला असतो.

तिच्या कीर्तीचा कळस म्हणजे ‘क्लिओपात्राचा मृत्यू’. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून १८७६ साली फिलाडेल्फियात प्रचंड प्रदर्शन भरले. त्यासाठी तिने चारएक वर्षे खपून सुमारे १३७० किलो वजनाचा हा पुतळा केला. क्लिओपात्रा हा त्या काळच्या शिल्पकारांचा आवडता विषय. पण इतरांची राणी मरणाचा विचार करीत बसलेली असे. एडमोनियाची राणी मेलेली आहे. सिंहासनावर मान एका बाजूला कललेली, डावा हात निर्जीवपणे खाली लोंबलेला, उजव्या हातात नाग. मरणाचे इतके उघड दर्शन पाहून काहींना शिसारी आली. काहींनी त्यालाच तिचे सामर्थ्य म्हटले. त्याच प्रदर्शनात बोस्टनमधला तिचा ओळखीचा कृष्णवर्णीय चित्रकार एडवर्ड बॅनिस्टर याच्या चित्राला पदक मिळाले. ओबर्लिनच्या शेतातली ती रात्र होऊन चौदा वर्षे झाली होती.

यानंतरचा भाग लवकर सांगून होतो, कारण जगानेच तिच्याकडे पाहणे सोडले. कलेची आवड पालटली. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी देवदेवतांचा जमाना संपला. पॅरिस आणि कांस्य यांचे दिवस आले. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचा अर्धपुतळा, काही कॅथलिक चर्चची कामे, एवढे तिच्याकडे येत राहिले. १८८७ साली फ्रेडरिक डग्लस पत्नीसह रोमला गेले तेव्हा ती त्यांना भेटली. पुढे ती पॅरिसला आणि मग लंडनला गेली. १७ सप्टेंबर १९०७ रोजी लंडनमधील हॅमरस्मिथच्या रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तिचा अंत झाला. केन्सल ग्रीन येथील सेंट मेरी दफनभूमीत तिला पुरले. ज्या बाईने जन्मभर दगडावर दुसऱ्यांची रूपे कोरली तिच्या थडग्याची खूणही पुढे उरली नाही. ती कोठे आणि केव्हा वारली हेच जवळजवळ शंभर वर्षे अभ्यासकांना ठाऊक नव्हते.

क्लिओपात्राच्या पुतळ्याची गत तर कादंबरीत शोभावी अशी. १८७८ साली तो शिकागोच्या प्रदर्शनात मांडला गेला. परत इटलीला नेणे परवडणारे नव्हते, म्हणून तेथेच राहिला. पुढे तो एका दारूच्या गुत्त्यात दिसला. मग घोड्यांच्या शर्यतींच्या एका जुगारी मालकाने तो विकत घेतला, कारण त्याच्या लाडक्या घोडीचे नाव क्लिओपात्रा होते. घोडी मेल्यावर तिच्या थडग्यावर शर्यतीच्या मैदानात त्याने हा पुतळा बसविला. मैदानाचे गोल्फचे मैदान झाले, पुढे युद्धसामग्रीचा कारखाना झाला, त्यानंतर टपालखात्याचे केंद्र झाले. राणी ऊनपावसात बसूनच होती. मग तिला हलवून एका ठेकेदाराच्या सामानाच्या आवारात टाकले. १९८० नंतरच्या दशकात अग्निशमन खात्याच्या एका निरीक्षकाने ती पाहिली. काही वेगळे आहे एवढे त्याला जाणवले. बालवीर पथकाच्या मुलांनी तिला घासूनपुसून रंग दिला. मग फॉरेस्ट पार्क येथील स्थानिक इतिहास मंडळ आणि मॅरिलिन रिचर्डसन या संशोधक यांच्या प्रयत्नांतून हा हरवलेला पुतळा कोणता ते निश्चित झाले. १९९४ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आला आणि डागडुजी होऊन प्रेक्षकांसमोर उभा राहिला. कलेच्या पंडितांनी जो टाकला तो आग विझविणाऱ्या खात्यातल्या माणसाने आणि शाळकरी मुलांनी सांभाळला, ही गोष्ट माझ्या मनाला फार बरी वाटते. रंग लावणे शास्त्राला धरून नव्हते हे खरे. पण त्यामागे आस्था होती.

२०१७ साली लोकवर्गणीतून तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या टपालखात्याने तिचे तिकीट काढले. आणि त्याच वर्षी ओबर्लिन कॉलेजने तिला मरणोत्तर पदवी दिली. नाव नोंदवून न घेतल्याला तोवर १५९ वर्षे झाली होती.

आपल्याकडे म्हणतात की टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही. ही म्हण आपण निरोपसमारंभात फार सहज वापरतो. एडमोनियाचे चरित्र वाचल्यावर मला ती तितकीशी सरळ वाटत नाही. घाव घाव सारखे नसतात. पाथरवट घाव घालतो तेव्हा आत काय आहे ते त्याला ठाऊक असते आणि नको तेवढेच तो काढतो. ओबर्लिनच्या त्या शेतात पडलेले घाव तसले नव्हते. त्यांनी तिला घडविले असे म्हणणे म्हणजे मारणाऱ्यांना श्रेय देणे होईल. तिला घडविले ते भावाने पाठविलेल्या पैशांनी, लँग्स्टन यांच्या कायद्याच्या ज्ञानाने, ब्रॅकेटने दिलेल्या तुटक्या पावलाने आणि तिच्या स्वतःच्या हातांनी. ते घाव नसते, तर ती कदाचित पदवी घेऊन रोमला गेली असती, एवढेच.

म्हणून आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर कोणी नवखे, बावरलेले येऊन बसले तर त्याच्या सोसण्याचे कौतुक करण्यापेक्षा हजेरीपटात त्याचे नाव सत्राच्या अखेरपर्यंत राहील एवढे आपण पाहावे. ते काम कोणाही विद्यार्थ्याला आणि कोणाही प्राध्यापकांना करता येण्याजोगे आहे.